भाऊ म्हणून सहाजणी

आमच्या कॉलेजात मी तीन वर्षं भाऊ होते.

म्हणजे बंधुमंडळात होते, तिकडे ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतात. नेब्रास्कातल्या त्या छोट्या गावातल्या कॉलेजात अशी बरीच मंडळं होती. बाकीची मुलांची, पार्ट्या आणि बिअर यांच्यासाठी नावाजलेली. आमचं मात्र सेवेचं होतं. रक्तदान शिबिरं भरवायची, गरजूंसाठीच्या अन्नपेढीत खोकी लावायची, म्हाताऱ्या माणसांच्या अंगणातली पानं झाडायची, शाळकरी पोरांना पोहायला शिकवायचं. मंडळ देशभर पसरलेलं; आमची शाखा १९३४ साली बारा मुलांनी सुरू केली. १९७६ साली, बरीच भांडणं होऊन, मुलींना घ्यायचं ठरलं. मी आत गेले तेव्हा बावीस जणांत सोळा मुली होत्या, पण मंडळ बंधूंचं ते बंधूंचंच राहिलं होतं. सभेत सगळे एकमेकांना 'भाऊ' म्हणायचे. "कॉराभाऊंनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचावं," असं अध्यक्ष म्हणाला की मी, कॉरा व्होंद्रा, केसांची क्लिप सारखी करून उठायचे आणि वाचायचे.

पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटली. नवीन शर्टाचं लेबल मानेला टोचतं, तेवढंच काय ते टोचायचं. खरी अडचण शपथेची होती. ती चौतीस सालची, एका काळ्या चामडी वहीत हाताने लिहिलेली, आणि तिची सुरुवात अशी होती: 'मी, एक पुरुष या नात्याने, माझ्या भावांच्या साक्षीने...' माझी पाळी आली तेव्हा 'पुरुष' या शब्दापाशी मला खोकला आला. खरा नव्हता. पुढे कळलं, बऱ्याच जणींना नेमका तिथेच खोकला येतो.

तिसऱ्या वर्षी नव्या उमेदवारांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारीत उमेदवार यायचे, सात-आठ आठवडे आमच्याबरोबर काम करायचे, मंडळाचा इतिहास पाठ करायचे आणि मार्चमध्ये शपथ घ्यायचे. त्या वर्षी नऊ जण होते. त्यांत मॅरिसोल एस्कोबेडो होती. मांसाच्या कारखान्यांच्या गावातून आलेली, बुटकी, खांद्यांनी भक्कम, बोलायला तिखट. कामाला वाघ. अन्नपेढीत ती एकटी दोघांचं काम करायची आणि वर बाकीच्यांना चिडवायची.

विद्यार्थी भवनाच्या तळघरातल्या खोलीत मी त्यांना शपथ वाचून दाखवत होते. मॅरिसोल कोबी आणि खिमा भरलेला गरम पाव खात होती. तिने खाणं थांबवलं.

"एक मिनिट. हे मी म्हणायचं?"

"सगळेच म्हणतात."

"तू म्हणालीस?"

"मी खोकले," मी खरं ते सांगितलं.

सगळे हसले. ती नाही हसली. "माझ्या घरी चार भाऊ आहेत कॉरा. चौघांतल्या एकानेही आजवर स्वतःचं ताट उचललेलं नाही. भाऊ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. आणि मला पाचवा व्हायचं नाही."

"अगं, तो नुसता शब्द आहे."

"नुसता आहे ना? मग बदला की."

  ती जे बोलली ते जवळजवळ तीन वर्षं माझ्या घशात अडकलेलंच होतं, फक्त तिने ते घास गिळून सरळ बोलून टाकलं होतं. दोन दिवसांनी मी ठराव लिहायला घेतला. शपथेतून 'पुरुष' काढावा, मंडळाच्या गाण्यातून काढावा, आणि 'भाऊ' हे संबोधन बंद करून सगळ्यांना 'सदस्य' म्हणावं. कारण म्हणून मी लिहिलं: 'हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना लागू होत नाही.' ठराव फेब्रुवारीतल्या एका रविवारच्या सभेला यायचा होता.

अध्यक्ष होता लाइल ब्यूटनर. त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि त्याला सगळ्यांशी गोड बोलायची दुकानदारी सवय होती. त्या आठवड्यात तो बर्फावरून घसरून खांद्याचं हाड मोडून बसला होता. उजवा हात गळ्यात अडकवलेला. ठरावाचा कागद त्याने डाव्या हाताने धरून वाचला.

"सदस्य?" तो म्हणाला. "सदस्य तर मी व्हिडिओच्या दुकानाचाही आहे."

"मग दुसरा शब्द सुचव."

"परंपरा आहे गं ती. सत्तर वर्षांची."

"या इमारतीत शहात्तर सालापर्यंत मुलींना शौचालयही नव्हतं. तीही परंपराच होती."

लाइल हसला, पण कागद त्याने खिशात ठेवला. खरा विरोध त्याचा नव्हताच. तो इंग्रिडचा होता. इंग्रिड व्हॉलीबॉल खेळायची, सहा फुटाला एक बोट कमी, आणि मंडळात माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. "माझा 'भाऊ' काढून घेऊ नकोस," ती मला म्हणाली. "मला आवडतो तो. मी भाऊ आहे म्हटलं की कोणी मला कॉफी करायला सांगत नाही. शिडी धरायला सांगतात. उद्या आपण 'भगिनी' झालो ना, की बघ, केक भाजायची समिती आपल्याकडे येईल."

आम्ही दोघी त्या दिवसापासून एकमेकींशी जरा बेतानेच बोलायला लागलो.

आणि मग त्याच आठवड्यात एमेट थॉरसन गेले.

एमेट थॉरसन शहाऐंशी वर्षांचे होते. जन्मभर गुरांचे डॉक्टर. सदतीस साली त्यांनी आमच्या मंडळाची शपथ घेतली होती, आणि जुन्यांपैकी गावात राहिलेले ते शेवटचे. दर शरदात आम्ही त्यांच्या अंगणातली पानं झाडायचो, पन्हळी साफ करायचो. ते खिडकी वर सरकवून ओरडायचे, "ए भाऊ! तिकडचा कोपरा राहिला!" नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. त्यामुळे शिडीवरची मी, खालची इंग्रिड, पिशवी धरून उभा लाइल, सगळे नुसते भाऊ. काम झालं की त्यांच्या पत्नी, मिसेस थॉरसन, दारातून दालचिनीच्या वळ्या घातलेला पाव आणून द्यायच्या, तो मात्र नाव विचारून.

बुधवारी त्यांच्या मुलाचा लाइलला फोन आला. वडिलांनी लिहून ठेवलं होतं की आपली शवपेटी आपल्या शाखेच्या सहा भावांनी उचलावी. शुक्रवारी अकराला चर्चमध्ये. सहा जण पाठवाल का? लाइल म्हणाला, "नक्की, सर. सहा भाऊ येतील." त्याला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. त्याचं ते चांगलंही होतं आणि वाईटही.

मुलांपैकी तिघं कुस्तीच्या सामन्यांना बाहेरगावी गेले होते, दोघं कॉलेजच्या गायकवृंदाबरोबर दौऱ्यावर. लाइलचा हात मोडलेला. उरलो आम्ही मुली, आणि त्यांतही शुक्रवारी सकाळी तास नसलेल्या सहाच. इंग्रिड, मी, टेस आणि आणखी तिघी. शुक्रवारी सकाळी त्यातली एक तापाने फणफणली. मी वसतिगृहाच्या जिन्यात उभी राहून कोणाला उठवावं याचा विचार करत होते तेवढ्यात मॅरिसोल नाश्त्याला निघालेली दिसली.

"काळे कपडे आहेत?" मी विचारलं.

"कशाला?"

सांगितलं. ती म्हणाली, "मी अजून तुमच्यातली नाही."

"माहितेय. पण सहावं कोणी नाही."

ती वर गेली आणि पाच मिनिटांत काळी पँट आणि कोणाचा तरी उसना कोट घालून खाली आली.

चर्चच्या दारात वेंडेल थॉरसन लोकांचे हात हातात घेत उभे होते. साठीचे, उंच, वडिलांसारखेच मोठे कान. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली, मग आमच्या पाठीमागे नजर टाकली.

"मुलगे कुठे आहेत?"

"आम्हीच आलोय," मी म्हणाले.

"मी फोनवर त्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं. सहा भाऊ."

आमच्याबरोबर आलेला लाइल पुढे झाला. "सर, हे सहा भाऊच आहेत."

"माझा बाप आत पेटीत आहे," वेंडेल म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "आज मस्करी नको."

लाइलचं तोंड उघडं राहिलं. त्याने खरंच मस्करी केली नव्हती. तो दोन-अडीच वर्षं आम्हाला भाऊ म्हणत होता, आणि बाहेरच्या माणसाच्या कानाला ते कसं लागतं हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात माझा ठराव होता. सभेआधी एकदा वाचावा म्हणून घेतलेला. 'हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना लागू होत नाही.' आणि समोरचा माणूस मला अगदी तेच सांगत होता. माझ्याशी शंभर टक्के सहमत होता तो. आणि मला त्याचा असा काही राग आला की माझे कान तापले.

"मी भाऊ आहे, मिस्टर थॉरसन," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांनी मला दुसऱ्या कुठल्याच नावाने ओळखलेलं नाही."

इंग्रिडने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पोरी, तुझा दोष नाही," वेंडेल म्हणाले. "पण शहात्तर साली मुलींना घ्यायचं मत झालं तेव्हा जुन्या मंडळींनाही बोलावलं होतं. बाबांनी विरोधात हात वर केला होता. त्यांना भाऊ म्हणजे कोण अपेक्षित आहेत ते मला ठाऊक आहे. माझ्या मुलाचे मित्र आलेत आत, त्यांना सांगतो मी."

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच नव्हतं. दर शरदात आम्ही ज्यांची पन्हळी साफ केली त्यांना आम्ही तिथे नकोच होतो की काय, असं मनात आलं. टेसने पेटी उचलण्यासाठी घातलेले हातमोजे काढायला सुरुवात केली.

तेवढ्यात आतून मिसेस थॉरसन आल्या. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. त्या त्र्याऐंशीच्या होत्या. त्यांनी काळ्या कोटावर आमच्या मंडळाची छोटी पितळी पिन लावली होती, एमेटची असणार.

"काय चाललंय वेंडेल? लोक बसलेत."

"काही नाही आई. जरा घोटाळा झालाय. यांनी मुली पाठवल्यात."

त्यांनी आम्हा सहाजणींकडे एकेक करून पाहिलं. "ही पन्हळीवाली. ही उंच. तू टेस ना?" मग मुलाकडे वळल्या. "त्याने विरोधात मत दिलं होतं, मला माहितेय. घरी आला तेव्हा भांडले होते मी त्याच्याशी, तू तेव्हा लिंकनला होतास. आणि सत्त्याण्णव साली अवेळी बर्फ पडला आणि आपलं झाड ओट्यावर कोसळलं, तेव्हा कोण आलं होतं? चार मुली आल्या, करवती घेऊन. दिवसभर तो खिडकीतून ओरडत होता, 'भाऊ, फांदी सांभाळ! भाऊ, पाय बाजूला घे!' आणि त्या गेल्यावर मला म्हणाला, चांगले भाऊ आहेत."

"म्हणजे त्यांनी मत बदललं?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुझा बाप असं काही बोलून दाखवणारा होता का? पण त्याने भाऊ मागितले होते. मी यांनाच विचारते." त्या आमच्याकडे वळल्या. "तुम्ही भाऊ आहात का?"

"हो," इंग्रिड म्हणाली. "हो," मी म्हणाले. टेस आणि बाकी दोघीही म्हणाल्या.

उरली मॅरिसोल. मी मनात म्हटलं, बाई गं, आज एवढं एकदा म्हण. पण ती खोटं बोलणारी नव्हतीच.

"मी नाही, मॅडम," ती म्हणाली. "माझी शपथ अजून झाली नाही. आणि झाली तरी मला भाऊ व्हायचं नाहीये. मी फक्त उचलायला आले. चालत नसेल तर मी बाजूला होते."

वेंडेलनी वैतागून हात झटकले. मिसेस थॉरसन मात्र मॅरिसोलकडे बघत राहिल्या.

"माझीही शपथ कधी झाली नाही," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं त्यांचे झेंडे शिवले. सभांना केक पाठवले. पुराच्या वेळी त्यांच्याबरोबर वाळूची पोती भरली, गुडघ्यापर्यंत पाण्यात. कोणी मला काहीच म्हणालं नाही, भाऊ नाही नि कोण नाही. ये, लाव हात पोरी. आता बर्फ वाढायच्या आत त्याला पोचवू."

आणि त्या आत जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. वेंडेल त्यांच्या पाठोपाठ गेले. 

प्रार्थना झाली, भजनं झाली. मग आम्ही पेटीच्या दोन्ही बाजूंना तिघी-तिघी उभ्या राहिलो आणि पितळी दांड्या धरल्या. ओक लाकडाची पेटी, आणि एमेट आडव्या हाडाचे गृहस्थ. पहिल्यांदा उचललं तेव्हा वजन थेट दातांत जाणवलं. पायऱ्या उतरलो, गाडीत ठेवलं; तिथवर ठीक होतं. दफनभूमीत मात्र चढ होता, आणि त्यावर आदल्या दिवशी वितळून पुन्हा गोठलेला बर्फ. इंग्रिड पुढून हलक्या आवाजात आकडे मोजत होती, म्हणजे पावलं एकदम पडतील. अर्ध्या चढावर टेसचा पाय सरकला. ती गुडघ्यावर आली, दांडी सुटली, आणि मागचा कोपरा खाली गेला. तिच्या मागेच मॅरिसोल होती. तिने कोपऱ्याखाली मांडी दिली आणि दात ओठात रोवून तशीच उभी राहिली.

"कोणीही हलू नका," मागून वेंडेलचा आवाज आला. त्यांनी टेसला हाताला धरून उठवलं आणि तिच्या जागी स्वतः दांडी धरली. "थांबा. श्वास घ्या. बोटं सैल करा, मग परत धरा. झालं? मोज गं तू."

इंग्रिडने पुन्हा मोजायला सुरुवात केली. वर पोचेपर्यंत वेंडेलनी दांडी सोडली नाही. टेस त्यांच्या शेजारून चालली, एक हात पेटीवर ठेवून.

खड्ड्याशी आमचा एक छोटा विधी असतो. छातीवर हात ठेवून गेलेल्याला सांगायचं, "भावा, आता विसावा घे; पुढचं आम्ही बघतो." आम्ही म्हणालो. मला मॅरिसोलचाही आवाज ऐकू आला. परत येताना मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "का नको म्हणू? तो तर भाऊच होता ना."

चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, चीज घालून भाजलेले बटाटे, थरथरणारी हिरवी जेली. आमचे हात असे आखडले होते की काटे नीट धरता येईनात. वेंडेल स्वतः कॉफीचा ट्रे घेऊन आमच्या टेबलाशी आले, सगळ्यांपुढे एकेक कप ठेवला, आणि म्हणाले, "बरं नेलंत." इंग्रिड त्या कपाकडे बघतच राहिली. मिसेस थॉरसननी मॅरिसोलला शेजारी बसवून घेतलं होतं.

"भाऊ नाही, तर मग काय व्हायचंय तुला?" त्या विचारत होत्या.

"बहीण," मॅरिसोल म्हणाली. "साधं. माझ्या घरी बहिणीच कामं करतात."

"आणि ही?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिला माहीत नाही अजून," मॅरिसोल म्हणाली. "ती ठरावात 'सदस्य' लिहून बसलीये." मिसेस थॉरसन इतक्या हसल्या की त्यांना रुमाल काढावा लागला. मग तो रुमाल त्यांनी बराच वेळ डोळ्यांवरच धरला, आणि मॅरिसोल त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

रविवारी सभेत लाइलने माझं नाव पुकारलं. मी कागद घेऊन उठले आणि म्हणाले, "हा ठराव मी लिहिला तसा मला मांडता येत नाही."

"म्हणजे मागे घेतेस?" कोणीतरी विचारलं.

"नाही. शपथेतला 'पुरुष' गेलाच पाहिजे. त्याबद्दल माझं मत काडीइतकंही बदललेलं नाही. कुठल्याही मुलीने शपथ घेताना खोकायची वेळ येऊ नये." मुली हसल्या, कुस्तीवाल्या तिघांना ते काय आहे हे कोणीतरी समजावून सांगितलं आणि ते ओशाळले. "पण 'भाऊ' शुक्रवारी कोणीतरी माझ्याकडून काढून घ्यायला लागलं, आणि मी तो दिला नाही. मी तो इंग्रिडकडून कसा काढून घेऊ?"

मग दोन तास चर्चा झाली. आमच्या मंडळात एवढं भांडण माझ्या काळात झालं नव्हतं. एक म्हणाली, ज्याला जे हवं ते म्हणा. दुसरी म्हणाली, मग मंडळ कशाला, बाजारच झाला. कुस्तीवाल्यांपैकी एक म्हणाला, मला सगळे भाऊच म्हणतात आणि मला त्याचा कधी विचारच करावा लागला नाही, तर मी गप्प बसतो. ते आम्हाला फार आवडलं. लाइलने सगळ्यात शेवटी हात वर केला, डावा.

"मला वाटायचं, मी तुम्हाला भाऊ म्हणतो म्हणजे मी मोठा मान देतोय," तो म्हणाला. "चर्चच्या दारात कळलं की तो मान माझ्या खिशातला नाहीच. तुम्ही आपापला घेतलेला आहे. तर ज्याने त्याने शपथेच्या वेळी सांगावं, आम्ही तुला काय म्हणू. आणि आम्ही तेच म्हणू. एवढं सोपं आहे."

दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या: सतरा बाजूने, तीन विरोधात, दोघं तटस्थ. इंग्रिडने बाजूने मत दिलं. सभा संपल्यावर ती मला म्हणाली, "काय कॉराभाऊ, बर्गर खायला येतेस?" आणि आमच्यातला तो बेताचा प्रकार तिथेच संपला.

मार्चच्या शपथविधीत त्या चामडी वहीतल्या पानावर 'एक पुरुष या नात्याने' या शब्दांवर बारीक रेघ होती आणि वर लाइलच्या अक्षरात 'माझ्या नावाने' असं लिहिलेलं. उजवा हात नुकताच मोकळा झाल्याने अक्षर वाकडं आलं होतं. नऊ उमेदवार एकेक करून पुढे आले. सात जणांनी 'भाऊ' सांगितलं, त्यांत चार मुली. एकीने सांगितलं की मला अजून ठरवायचंय, तर लाइलने तिला सवडीने सांगायला सांगितलं. मॅरिसोल पुढे आली, स्पष्ट आवाजात शपथ म्हणाली, आणि लाइलने विचारलं, "आम्ही तुला काय म्हणू?"

"बहीण."

"ये बहिणी," आम्ही सगळे म्हणालो. सत्तर वर्षांत त्या खोलीत तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. तो नीट एका आवाजात आला नाही, कोणी आधी, कोणी नंतर.

दहावी उमेदवार मिसेस थॉरसन होत्या. मानद सदस्य करायचं आम्ही एकमताने ठरवलं होतं, आणि त्यांना आणायला वेंडेल स्वतः गाडी घेऊन गेले होते. ते दाराशी टोपी हातात धरून उभे राहिले. त्यांच्या आईने चष्मा लावून पूर्ण शपथ वाचली, एक शब्द न गाळता.

"आम्ही तुम्हाला काय म्हणू?" लाइलने विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "ल्युएला," त्या म्हणाल्या. "साठ वर्षं मिसेस थॉरसनच ऐकतेय."

एप्रिलमध्ये मुख्य कार्यालयाचं कडक पत्र आलं: शपथेत फेरफार करण्याचा अधिकार कुठल्याही शाखेला नाही. आम्ही उत्तर लिहिलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मग आम्ही देशभरच्या अधिवेशनात तोच ठराव मांडला आणि सपाटून हरलो. दोन वर्षांनी पुन्हा मांडला तेव्हा थोडक्यात हरलो, पण तडजोड म्हणून 'पुरुष' हा शब्द ऐच्छिक झाला. तोवर मी शिक्षिका होऊन दुसऱ्या गावी आले होते आणि शाखेची अध्यक्ष मॅरिसोल होती.

तिचा एका दुपारी शाळेत फोन आला. भयंकर वैतागलेली.

"नव्या पोरांनी ठराव आणलाय," ती म्हणाली. "त्यांना भाऊही नको, बहीणही नको. म्हणतात, दोन्ही शब्द जुने झाले. मला जुनी म्हणाले कॉरा! मी एकवीस वर्षांची आहे!"

मी इतकी हसले की वर्गातली मुलं माझ्याकडे बघायला लागली.

"मग काय करणारेस?"

पलीकडून एक मोठा उसासा आला. "काय करणार? येत्या रविवारी चर्चेला ठेवलाय. ल्युएलापण येतेय. ती म्हणाली, तिला मुलांचं म्हणणं ऐकायचंय."